पावसाळ्याचं देणं

दिवाळी आली की आमच्या गोंदियाकडे हलका धान कापून होतो आणि गावोगावी मंडई सुरू होते. रात्रभर दंडार चालते. शाल पांघरून, शेकोटीजवळ बसून दंडार बघण्यात वेगळीच मजा! पण याच दिवसांत काही घरांत कोणीतरी हातपाय धरून कण्हत असतं. आमच्या नात्यातही असं एक घर आहे. दुखणं सिकलसेलचं.

सिकल म्हणजे विळा. या आजारात तांबड्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकतात आणि ताठर होतात. थंडीने बारीक रक्तवाहिन्या आकसल्या की तिथे अडकतात. मग हाडांत, पाठीत, छातीत कळा उठतात. चांगली पेशी साधारण १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळसर.

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचं वर्णन पहिल्यांदा छापलं. त्यांचा रुग्ण होता वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून आलेला, दातांचं डॉक्टरकीचं शिक्षण घेणारा तरुण. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये ही पेशी सापडली. आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. त्यांचं काम नागपूरचं होतं. म्हणजे आपल्या विदर्भात आजाराला नाव मिळालं ते तेव्हा. त्याआधी किती पिढ्यांनी ते वाताचं दुखणं म्हणून सोसलं असेल, कोण जाणे.

पण हा आजार टिकला कसा? उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिलं. आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आला, तर माणूस फक्त वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो, उलट जिवावरच्या हिवतापापासून त्याला बरंचसं संरक्षण मिळतं. जंगल, तलाव, धानाच्या बांध्या आणि पावसाळ्यातला हिवताप ही आपल्या झाडीपट्टीची जुनी ओळख. अशा मुलखात वाहक जगले, त्यांची पोरंबाळं वाढली. आपल्यातले कितीतरी जण आज आहेत ते कुणा वाहक पणजीमुळे असतील!

ज्याला मात्र दोन्हीकडून दोष मिळतो, तो सगळ्यांचं देणं एकटा फेडतो. पावसाळ्यात वाचलेल्यांचं कर्ज हिवाळ्यात कळा सोसून!

हे सगळं लिहिण्याचं कारण एकच. कोणाच्या घरी मूल आजारी निघालं की पहिला प्रश्न येतो, "हे आलं कोणाकडून?" आणि बोट सुनेकडे जातं. आई आणि बाप दोघंही वाहक असल्याशिवाय किंवा स्वतः रुग्ण असल्याशिवाय हा आजार मुलाला होत नाही. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता. एकट्या आईला दोष देणं शास्त्रात बसत नाही, माणुसकीत तर नाहीच.

आता दिवस बरे आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने अनेकांच्या कळा कमी होतात. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरलं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार संपवायचं ध्येय आहे. पण मोहीम घरात येऊन स्वेटर घालून देत नाही. पाणी भरपूर पाजणं, गार पाण्याने आंघोळ टाळणं, ताप आला की लगेच दवाखाना गाठणं, हे घरच्यांनीच करायचं.

आणि पोरापोरींचं लग्न ठरवताना पत्रिकेआधी रक्त तपासा. वाहक निघालात तर लाजू नका. ती पणजीची ठेव आहे, फक्त पुढे कशी द्यायची ते आता आपल्याला कळतं. यंदा मंडईला याल तेव्हा शेकोटीजवळची जागा त्या आजारी पोरासाठी आधी राखून ठेवा.