दादरच्या कुंडीतला वाटाणा आणि व्हिडिओ गेमची कला

१/ व्हिडिओ गेम ही कला आहे का? असल्यास थोर गेम कोणता म्हणावा? वाद आजचा भासतो. पण शतकापूर्वी मुंबईत दुसऱ्या एका यंत्रापुढे हाच प्रश्न उभा होता. त्याचे उत्तर दादरला एका कुंडीत उगवले. #थ्रेड

२/ ७ जुलै १८९६. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार. चित्र हलते, एवढेच नवल. मराठीत सिनेमाचा आजही ‘खेळ’च लागतो, तो उगाच नव्हे.

३/ पुढे गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवता पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९१२च्या आरंभी त्यांनी लंडन गाठले, कॅमेरा मागवला. पण भांडवल कोण देणार?

४/ फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवला. महिनाभराहून अधिक काळ ते वाढत्या रोपाच्या चौकटी टिपत राहिले. पडद्यावर मात्र बीज फुटून वेल वर चढलेला काही क्षणांतच दिसला. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल उभे राहिले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

५/ या लघुपटात ना नट, ना कथा, ना संवाद. तरीही रंगभूमीला, चित्रकलेला वा स्थिर छायाचित्राला जे साधत नाही, ते त्यात होते : काळ मुठीत धरण्याचे सामर्थ्य. माध्यम इतरांची नक्कल सोडून स्वतःचे बळ ओळखते, तेव्हाच ते कलेच्या वाटेला लागते.

६/ प्रतिष्ठा मात्र उशिरा आली. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये काम करण्यास एकही स्त्री तयार होईना, अण्णा साळुंके तारामती झाले. सिनेमात काम करतो म्हणणे कमीपणाचे, म्हणून नटांनी ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ नोकरी आहे असे सांगावे, अशी युक्ती निघाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट झळकला.

७/ आता गेमकडे वळू. २०१० मध्ये अमेरिकी चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी गेम कधीच कला होऊ शकत नाहीत असे लिहिले. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ‘टेट्रिस’, ‘पॅक-मॅन’सह १४ गेम संग्रहात घेतले.

८/ मग गेमचा ‘वाटाणा’ कोणता? खेळणाऱ्याची कृती. ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) मध्ये खेळाडू सीमेवरचा अधिकारी असतो. पतीची कागदपत्रे ठीक, मागून आलेल्या पत्नीची अपुरी. तिला सोडले तर नियमभंगाचा ठपका. चुका साचल्या की पगार कापला जातो, घरचे उपाशी. शिक्का खेळाडूच्याच हाती. प्रेक्षक हळहळतो; इथे खेळणारा उत्तरदायी ठरतो.

९/ म्हणून देखणी दृश्ये आणि भव्य संगीत ही गेमच्या थोरवीची कसोटी नव्हे. ते सारे सिनेमाकडूनही उसने घेता येते. नियमांतून अर्थ प्रकटतो का आणि निवडीचे ओझे खेळणाऱ्याच्या मनावर उरते का, हे पाहावे.

१०/ आज गेम घडवणाऱ्या तरुणालाही ‘नक्की काम काय करतोस?’ असे विचारले जाते. ‘कारखान्यात’ असे उत्तर देणाऱ्या त्या नटांचे नाव आज भारतीय चित्रपटाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे.