कुंपणावाचून तुरुंग

गुन्हेगाराला शिक्षा करावयाची ती कशासाठी? या प्रश्नाची तीन उत्तरे फार जुनी आहेत. केल्या कर्माची भरपाई व्हावी म्हणून. इतरांना जरब बसावी म्हणून. आणि चुकलेला माणूस माणसांत परत यावा म्हणून. पहिली दोन उत्तरे राज्यकर्त्यांना नेहमीच सोयीची वाटली. तिसऱ्यापायी जोखीम पत्करणारा विरळा. असा एक राजा आपल्याच मुलखात होऊन गेला.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रकार म्हणून पुष्कळांना ठाऊक असतात. १९३९ साली त्यांनी संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्याच वर्षी, मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळच्या उजाड माळावर कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. उंच भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैद्याने शेत कसावे आणि बायकामुलांसह राहावे. नाव ठेवले स्वतंत्रपूर! कैद्यांच्या गावाला हे नाव म्हणजे थट्टाच, असे वाटेल. पण त्यात मोठा अर्थ होता.

तुरुंगात उठावे केव्हा, खावे काय, हे सारे दुसराच ठरवितो. अशी वर्षे काढलेल्या माणसाने सुटल्यादिवशी एकदम शहाणे व्हावे, ही अपेक्षाच वेडी. स्वतंत्रपुरात पळून जाण्याची वाट रोज मोकळी होती. ती न धरण्याचा निर्णय ज्याचा त्याने रोज घ्यावयाचा. भिंतीचे काम मनाकडे आले.

पण ज्या घरचा माणूस मारला गेला, त्या घराचे काय? खुन्याच्या अंगणात मुले खेळताहेत, हे त्या माउलीने कोणत्या डोळ्यांनी पाहावे? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. एवढेच म्हणता येते, की खुन्याला कुजविल्याने तिचा मुलगा परत येत नाही. उलट, तो तसाच सुटून आला तर दुसऱ्या एखाद्या आईवर तीच पाळी यावयाची.

आटपाडीच्याच परिसरातील माडगूळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र उरले.

आज दारी पणती लावताना त्या माळावरच्या घरांची आठवण ठेवू या. कैद्याच्या हातात काडी देऊन ‘दिवा लाव’ म्हणणे सोपे नाही. औंधच्या राजाने ते म्हटले.