जोगवा आणि नीतिज्ञान

जोगवा म्हणजे देवीच्या नावाने परडी घेऊन मागितलेली भिक्षा. तुळजापूरच्या (जि. धाराशिव) तुळजाभवानीच्या उपासनेत कवड्यांची माळ, पोत आणि परडी यांच्या बरोबरीने जोगव्याला स्थान आहे. ज्या घरी परडी असते तिथे मंगळवारी किंवा शुक्रवारी पाच घरी जोगवा मागण्याची रीत आहे. घर खातेपिते असले, तरीही मागायचे असते. पोटासाठी मागणे आणि जोगवा मागणे यांना मराठीत म्हणूनच एक शब्द चालत नाही. सद्गुण व्याख्येने नव्हे, आचरणाने अंगी मुरतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे इथे प्रत्यक्ष दिसते. लीनता कशाला म्हणतात हे परक्या उंबऱ्यापाशी उभे राहून, परडीत पडेल ते कपाळी लावताना उमगते.

यावर पहिला आक्षेप असा, की हे उमगणे म्हणजे केवळ भावना आहे, ज्ञान नव्हे. तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९३६ साली नैतिक विधानांबद्दल हीच भूमिका मांडली. पण जोगवा दिखाव्यासाठीही मागता येतो आणि पाहणारे त्याला दंभ म्हणतात. कोणाला दंभी म्हणावे हे शिकावे लागते; त्यात चूक होते आणि जवळून पाहिल्यावर ती दुरुस्तही होते. निव्वळ भावनेत चूक काढता येत नाही. जिथे चूक दाखवता येते तिथे जाणण्याजोगे काही असतेच. पैठणच्या संत एकनाथांनी (१६वे शतक) आपल्या जोगव्यात मोहाला महिषासुर, बोधाला परडी आणि दंभाला सासरा केले. ऐकणाऱ्यांना ते समजावून सांगावे लागले नाही, कारण परडीही त्यांच्या हातातली होती आणि सासराही घरातला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दंभ, लीनता यांसारख्या शब्दांत वर्णन आणि मूल्य एकजीव असतात, हे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९८५ मध्ये दाखवले. मात्र चिकित्सेपुढे असे ज्ञान टिकेलच असे नाही, असेही त्यांनी बजावले. समाजाची भाषा समाजाचा अन्यायही वाहते. एकनाथांच्या याच रचनेत काम-क्रोधांना एका जातीचे नाव दिले आहे. ते आज खटकते, आणि खटकलेच पाहिजे. परंतु ते कोणत्या मापाने खटकते? सारा भेद टाकून वारीला जाण्याचा संकल्प त्याच जोगव्यात आहे. भाषेने दोष दिला आणि तो ओळखायची कसोटीही दिली. बाहेरून उसनी आणावी लागली नाही. त्यामुळे हे ज्ञान अपुरे आहे इतकेच सिद्ध होते, ते नाहीच असे नव्हे. हा जोगवा आजही म्हटला जातो. म्हणताना तो शब्द तसाच ठेवावा का, याचा निवाडा त्यातल्या संकल्पानेच करावा.