कसबा संगमेश्वर आणि अकरावीचा वर्ग

अकरावी-बारावीतील विद्यार्थी मतदानाच्या उंबरठ्यावर उभा असतो. या वयात सनावळ्या सहज पाठ होतात. परंतु ‘हे आपणांस कशावरून कळले?’ असे विचारण्याची सवय याच वयात जडली नाही, तर पुढे ती सहसा जडत नाही. ती लावण्यासाठी देवरूखच्या इतिहासशिक्षकाला फार दूर जावे लागत नाही.

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथून काही मैलांवर, नद्यांच्या संगमाकाठी कसबा संगमेश्वर हे गाव आहे. कर्णेश्वराच्या प्राचीन शिवालयासाठी ते प्रसिद्ध आहे. याच गावी फेब्रुवारी १६८९च्या आरंभी मोगल सरदार मुकर्रबखानाने छत्रपती संभाजी महाराजांना कवी कलशासह कैद केले आणि ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने महाराजांचा वध करविला. एवढे निर्विवाद आहे. महाराज सापडले कसे, येथून मात्र साधनांची वाट फुटते.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७१०मध्ये, साकी मुस्तैदखानाने ‘मआसिर-इ-आलमगिरी’ पुरी केली. तिच्यात हेरांची खबर आणि विलासात गुंतलेला बेसावध राजा असे चित्र आहे. बादशहाच्या बखरकाराने शत्रूला तसे रंगवावे, यात नवल नाही. जेधे शकावलीतील नोंदी त्रोटक आहेत. कवी कलश व शिर्के यांचा त्याआधीच्या काही महिन्यांतील बेबनाव तीत येतो. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्टिन दरबारातील काही बड्या ब्राह्मणांकडे बोट दाखवितो. परंतु तो शेकडो मैल दूर बसून कानांवर आलेले लिहीत होता. मल्हार रामराव चिटणिसांची बखर शतकाहून अधिक काळानंतरची. शिवाय त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१मध्ये देहदंड दिला होता. बखरीतील महाराजांचे काळेकुट्ट चित्र या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. १९६०मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी आणि १९७१मध्ये डॉ. कमल गोखले यांनी अस्सल साधने तपासून हे चित्र बदलले.

चार विद्यार्थ्यांच्या हाती ही चार साधने द्यावीत आणि प्रत्येकाला तीनच प्रश्न घालावेत : लिहिणारा कोण, त्याने केव्हा लिहिले, आणि त्याला ते कसे कळले? मग वर्ग कसब्याला न्यावा. ‘फितुरी कोणी केली?’ या प्रश्नाचे ठाम उत्तर मिळेलच असे नाही. पुरावा जेथे संपतो तेथे थांबणे, हेही शिक्षणच होय. २०२५मध्ये ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातील फितुरीच्या चित्रणाने आपल्या घराण्याची बदनामी झाली, असा आक्षेप शिर्के वंशजांनी घेतला होता. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या घटनेचा डाग आज हयात असलेल्या कुटुंबांच्या नावाला लागू शकतो, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना या प्रश्नाची झळ अपरिचित नाही. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तो विजय वर्गात शिकविला जात असता एखाद्या ख्रिस्ती मुलाला आपण पराभूतांच्या बाकावर बसलो आहोत, असे वाटण्याचा संभव असतो. त्याच्यापुढे शरणागतीच्या अटी ठेवाव्यात. किल्ला सोडणाऱ्यांना कुटुंबासह सुखरूप जाऊ देण्याची आणि मागे राहणाऱ्यांना धर्मपालनाची मुभा देण्याची तरतूद त्यांत होती. त्याच वर्गात गोव्यातील धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, धडाही यायला हवा. १५६०मध्ये ते सुरू झाले आणि १८१२मध्ये कायमचे बंद झाले. तो धडा वगळून आपल्या मुलांचे रक्षण होत नाही. दुसऱ्यांच्या बखरी तपासण्याचा हक्क मागणाऱ्याने स्वतःचे दप्तरही उघडे ठेवले पाहिजे.

म्हणून पालकांना विनंती एवढीच, की मुलगा वा मुलगी कला शाखेत इतिहास घेऊ म्हणाली, तर ‘त्यात काय मिळणार?’ असे म्हणून तिला थोपवू नये. ऐकीव गोष्टीवर शेजाऱ्याला दोषी न ठरविणारा एक नागरिक घरात घडत असेल, तर ती मिळकत लहान नव्हे.