आंत्रशस्त्रक्रियोत्तर आहार
आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून टोके जोडल्यावर रुग्णाला तोंडाने अन्न केव्हा द्यावे, याविषयीचा वैद्यकीय विचार. वायू सरेपर्यंत उपाशी ठेवायचे, नाकातून जठरात नळी घालायची आणि सलाइनवर भागवायचे, हा जुना प्रघात. टाक्यांवर ताण येईल ही त्यामागची भीती. ती फारशी टिकणारी नव्हती. जठर व आतडी रोज काही लिटर पाचकरस स्रवतात, म्हणजे उपाशी आतडेही रिकामे नसतेच. शिवाय लहान आतड्याची हालचाल काही तासांत परतते. मोठ्याला मात्र दोन-तीन दिवस लागतात. डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांच्या १९९० च्या दशकातील कामामुळे हा प्रघात मागे पडू लागला. आता नियोजित शस्त्रक्रियेनंतर बहुधा त्याच दिवशी पाणी आणि २४ तासांत हलका आहार सुरू करतात. उलट्या किंवा पोटफुगी झाल्यास थांबतात.