झिजलेल्या बंदुकीचा दुसरा जन्म

शस्त्रांचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तलवारी, गडकोट आणि तोफा उभ्या राहतात. मी आज ज्या शस्त्राविषयीं बोलणार आहें, तें कोणत्याहि रणांगणावर गाजलेलें नाहीं. शाळकरी मुलांना नेम शिकविण्याची ती एक जुनी रायफल होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, नाशिकच्या एका शाळेंत इतिहास शिकविणारा मास्तर; यंत्रविद्येचा मला गंध नव्हता. परंतु त्या रायफलीचा एक झिजलेला भाग मला जो इतिहास शिकवून गेला, तो माझ्या क्रमिक पुस्तकांत नव्हता.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. राष्ट्रीय छात्रसेनेच्या आमच्या मुलांबरोबर मी चांदमारीला गेलों होतों. एका मुलानें चाप ओढला; खट् असा आवाज झाला, पण बार उडाला नाहीं. काय बिघडलें हें पाहण्यासाठीं तो रायफल स्वतःकडे वळवूं लागला, तोंच हवालदारांनीं झेप घेऊन नळी निशाणाच्या दिशेनें दाबून धरली. फुसका वाटलेला बार क्षणभरानेंहि उडूं शकतो. त्या दिवशीं तो उडाला नाहीं, हें आमचें भाग्य. पुढचें काडतूस उडालें, पण त्याचें टरफल नळींत अडकून बसलें.

हवालदारांनीं बोल्ट बाहेर काढला, पिनेचें टोक पाहिलें, नळीच्या मागल्या तोंडावरून नख फिरविलें आणि ते म्हणाले, "गुरुजी, ही गोळ्यांनी झिजली नाही. हिला रिकाम्या चापानं मारलंय." दोष माझाच होता. चाप हळूं ओढण्याची संवय व्हावी म्हणून मींच मुलांना रिकाम्या रायफलीवर शेंकडों वेळां चाप ओढावयास लावला होता.

यांत काय बिघडलें, हें समजण्यास काडतुसाची घडण पाहिली पाहिजे. नाशिकच्या तांबट आळींत पत्र्याचा कांठ दुमडतांना ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना ती चटकन उमगेल. या लहान काडतुसाच्या बुडाशीं पत्रा दुमडून पोकळ कांठ केलेला असतो आणि त्या पोकळींत आघातानें पेटणारा मसाला असतो. पिन कांठावर आपटली कीं पत्रा चेपतो, मसाला पेटतो आणि दारू शिलगते. म्हणून या जातीला रिमफायर, म्हणजे कांठावर पेटणारी, असें नांव पडलें. नळींत काडतूस नसेल, तर तीच पिन नळीच्या कडेवर आदळण्याचा संभव असतो. मग पिनेचें टोक बोथट होतें, नळीच्या कडेला खड्डा पडून धातूचा ओठ आंत वळतो, आणि टरफल निघेनासें होतें.

या काडतुसाचा उगम पॅरिसचा. तेथील फ्लोबेर नांवाच्या कारागिरानें १८४५ सालीं त्याचा पहिला नमुना केला. पुढें अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ सालीं .२२ मापाचें काडतूस विक्रीस आणलें. सालाकडे लक्ष द्या. त्याच वर्षीं आपल्याकडे बराकपूरच्या छावणींत एन्फील्ड बंदुकीच्या, दांतांनीं तोडाव्या लागणाऱ्या, चरबीच्या कागदी काडतुसावरून वणवा पेटला. आणि समुद्रापलीकडे, दांत लावण्याची गरजच नसलेलें धातूचें काडतूस बाजारांत आलें! आज सर्वत्र चालणारें .२२ लाँग रायफल काडतूसहि १८८७ सालचें आहे.

परंतु काडतुसापेक्षांहि मोठी क्रांति बंदुकीच्या सुट्या भागांत झाली. महादजी शिंद्यांनीं आग्र्यास कारखाना घातला; सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं तेथें तोफा ओतल्या जात व बंदुका घडत. काम उत्तम होतें. पण त्या काळीं जगांत बहुतेक सर्वत्र बंदूक हातानें जुळविली जाई. एका बंदुकीचा घोडा दुसरीस बसत नसे. बसवावयाचा तर कानस घेऊन कारागीर हजर पाहिजे. १८०३ च्या ऑक्टोबरांत आग्रा इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि शिंद्यांच्या बंदुका दुरुस्त करणारे हातहि त्याबरोबरच गेले. शस्त्र बाळगणें निराळें आणि त्याचा झिजलेला भाग बदलूं शकणें निराळें.

१८५४ सालीं ब्रिटिश समिति अमेरिकेंतील स्प्रिंगफील्डचा कारखाना पाहून आली. तेथें यंत्रावर एकाच मापाचे भाग निघत व कोणताहि भाग कोणत्याहि बंदुकीस बसे. तीं यंत्रें एन्फील्डला आलीं. कालांतरानें १९०४ सालीं, बराकपूरपासून थोड्याच अंतरावरील इच्छापूर येथें रायफलींचा सरकारी कारखाना स्थापन झाला. काडतुसावरून जेथें ठिणगी पडली, त्याच परिसरांत पुढें मापाबरहुकूम रायफली घडूं लागल्या.

आमची रायफल या कुळांतली होती, आणि तिचा जन्मच मुळीं झिजेंतून झाला होता. बोअर युद्धांत आपल्या शिपायांचा नेम कच्चा असल्याचें ब्रिटिशांना उमगलें आणि थोड्या खर्चांत सराव देण्याची निकड भासली. १९०७ सालापासून जुन्या लष्करी रायफली .२२ मापाच्या करण्यांत येऊं लागल्या. थ्री-नॉट-थ्रीची झिजलेली नळी पोखरून तींत लहान मापाची नवी नळी बसवावयाची किंवा सबंध नळीच बदलावयाची, बोल्टचें डोकें निराळें घालावयाचें, आणि पिनेचा मारा मध्यावरून कांठावर आणावयाचा. गोळ्यांची पेटी पोकळ ठेवीत, म्हणजे रिकामीं टरफलें तींत पडत. वजन आणि दस्ता मात्र पूर्वींचाच. लढाईंतून निवृत्त झालेली बंदूक अशा रीतीनें शाळामास्तर झाली!

आमच्या नाशकांत ही विद्या जुनी आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं १९३७ सालीं येथें भोसला सैनिकी शाळा काढली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानें राष्ट्रीय छात्रसेना आली आणि साध्या शाळांतल्या मुलांच्या हातींहि .२२ ची रायफल पडली. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसळेनें ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. त्याच्या शिक्षणाचीं कांहीं वर्षें याच भोसला शाळेंत गेलीं. त्याचा गुणांक ४५१.४ होता, आणि प्रत्येक गोळी होती या कांठावर पेटणाऱ्या काडतुसाचीच.

हवालदारांनीं त्या दिवशीं मला झिजेचे प्रकार समजावून दिले. स्प्रिंग थकली कीं आघात मंद होतो व बार फुसका जातो. टरफल ओढणाऱ्या आंकड्याची धार गेली कीं टरफल आंत राहतें. हे भाग बदलावे. त्यांत हळहळण्यासारखें कांहीं नाहीं. नळीचें तोंड मात्र जपावें. शिशाची मऊ गोळी नळीला फारशी झिजवीत नाहीं. तिला झिजवितो तो साफसफाईचा दोर, एका बाजूला घासून ओढलेला. विहिरीच्या कांठच्या दगडाला दोराचे चरे पडलेले आपण पाहतों, तोच हा प्रकार. म्हणून चिंदी लावलेला दोर नळीच्या मधोमध, सरळ ओढावा. दुरुस्ती मात्र अधिकृत माणसाकडूनच व्हावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें बंदूक दुरुस्त करण्याच्या धंद्यासहि परवाना लागतो, आणि हें बंधन किती योग्य आहे, तें त्या मुलाकडे वळलेली नळी पाहिल्यापासून मला कोणी पटवून द्यावें लागत नाहीं.

दीड महिन्यानें आमची रायफल परत आली. नळीचा आंत वळलेला ओठ सरळ केला होता; पिन आणि आंकडा नवे होते. त्याच मुलाला मीं पुन्हां तिच्यामागें निजविलें. पांचही बार उडाले. त्यांतल्या चार गोळ्यांचीं भोंकें रुपयाच्या नाण्याखालीं झांकलीं असतीं. मीं हवालदारांना विचारलें, "नवी पिन बसवतांना कानस किती चालवावी लागली?"

ते हंसले. "कानस कशाला, गुरुजी? पेटीतून काढली आणि बसवली."