दोन टिळक, दोन राज्ये

रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन टिळक दिले. बाळ गंगाधरांचा जन्म १८५६ साली या शहरात झाला, नारायण वामनांचा १८६१ साली करजगावी. लोकमान्यांनी स्वराज्यासाठी तुरुंगवास सोसला. दुसऱ्या टिळकांनी देवाच्या राज्याचे नागरिकत्व पत्करले आणि त्यासाठी आप्तांचा वियोग सोसला. त्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो व बहुधा तेथेच थांबतो. परंतु त्यांच्या चरित्रातला खरा प्रश्न निराळा आहे. ख्रिस्ताचा झालेला मनुष्य आपल्या देशाचा, भाषेचा आणि माणसांचा राहतो की नाही?

हा प्रश्न जुनाच होय. फिलिप्पै हे मासेदोनियातील नगर रोमची वसाहत होते. तेथील रोमन नागरिक रोमपासून दूर राहत, पण रोमचा कायदा पाळीत. अशा नगरातील ख्रिस्ती मंडळीला पौलाने लिहिले, की आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे. याचा अर्थ नगर सोडून जा असा नव्हे. राहायचे तेथेच, पण वागायचे त्या वरच्या राज्याच्या रीतीने, असा तो उपदेश होता.

त्या राज्याची रीत टिळकांना आगगाडीत सापडली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले. जेथे दीन धन्य आहेत आणि शत्रूवरही प्रीती करायची आहे, असे ते राज्य! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

किंमत ताबडतोब द्यावी लागली, आणि ती एकट्या टिळकांनी दिली नाही. लक्ष्मीबाईंची व त्यांची ताटातूट झाली. नवरा हयात असताना त्या माऊलीने विरहाची वर्षे काढली. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी पतीचा धर्म त्यांनी निमूट उचलला नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे आधी त्यांना स्वतःला पटले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला. ही सारी हकीकत ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हसतरडत सांगितली आहे.

टिळकांनी धर्म बदलला, पण मराठीपण सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते मानीत. ख्रिस्ताला त्यांनी अभंगांतून आळवले, कीर्तनातून गायिले. बालकवींसारख्या तरुण कवीला नगरच्या घरी पोटच्या मुलासारखे ठेवून घेतले. त्यासाठी त्याला धर्म विचारला नाही.

एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. अमेरिकन मराठी मिशनची चाकरी त्यांनी वर्षानुवर्षे केली होती. परंतु देवाच्या राज्याला परदेशी पोशाख का असावा, हा सल राहिलाच. १९१७ साली त्यांनी ती पगाराची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे बंधुभावाने यावेत, ही त्यांची कल्पना. म्हणजे पूर्वी ज्यांनी जातीची भिंत ओलांडली, तेच आता चर्चच्या उंबरठ्यालाही शेवटची मर्यादा मानायला तयार नव्हते.

दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे पुरे केले.

राजकीय स्वराज्य आपल्याला १९४७ साली मिळाले. त्याचे नागरिकत्व जन्माने लाभते. टिळकांना दिसलेल्या राज्याचे नागरिकत्व असे लाभत नाही. शेजाऱ्याशी, परक्याशी, वैऱ्याशी आपण कसे वागतो, यावरून ते रोज नव्याने सिद्ध करावे लागते. नारायण वामनांचा मार्ग ज्याला मान्य नाही, त्यानेही ही कसोटी स्वतःला एकदा लावून पाहावी.